प्रशिक्षण-उड्डाणात हवेतली टक्कर कशी टाळावी: शिकणाऱ्यांसाठी आणि शिकवणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

इंदूरच्या मराठी घरातला मुलगा किंवा मुलगी वैमानिक व्हायला निघाली की आई-वडील प्रशिक्षकाला हमखास एक प्रश्न विचारतात: "सर, हवेत इंजिन बंद पडलं तर?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही तयार आहे, कारण इंजिन बंद पडल्यावर काय करायचे याचा सराव विद्यार्थ्याला एकट्याने विमान देण्याआधी इतक्या वेळा करून घेतला जातो की झोपेतून उठवले तरी तो सगळा क्रम सांगेल. "समोरून दुसरं विमान आलं तर?" असे मात्र क्वचितच कोणी विचारते. आकाश एवढे मोठे, त्यात दोन छोटी विमाने एकाच वेळी एकाच ठिकाणी कशी येतील, अशी सर्वांची समजूत असते.

प्रत्यक्षात छोट्या विमानांच्या टकरी बहुतेक वेळा दिवसाढवळ्या, स्वच्छ हवेत, विमानतळापासून थोड्याच मैलांवर आणि त्यातही सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या चौकोनी मार्गावर होतात. सर्वांत धोक्याचा भाग म्हणजे फायनल, धावपट्टीच्या रेषेत उतरण्याचा शेवटचा टप्पा. कारण उघड आहे. आकाश मोठे असले तरी सगळ्यांना शेवटी त्याच एका पट्टीवर यायचे असते.

प्रशिक्षणाच्या विमानात आणखी एक अडचण असते आणि हा लेख मुख्यतः तिच्यासाठी लिहिला आहे. विमानात दोन माणसे, म्हणजे बाहेर पाहणारे चार डोळे, असे आपण गृहीत धरतो. परंतु विद्यार्थी वेग आणि उंची सांभाळण्यासाठी काट्यांकडे पाहत असतो आणि प्रशिक्षक विद्यार्थ्याकडे. शिकवण्याचे सगळे काम विमानाच्या आत चालते, त्यामुळे धडा जितका कठीण तितका बाहेर पाहणाऱ्या डोळ्यांचा हिशेब शून्याच्या जवळ जातो. म्हणून बाहेर पाहणे ही लँडिंगसारखीच एक वेगळी क्रिया मानून, पायरीपायरीने शिकली आणि शिकवली पाहिजे.

साडेबारा सेकंदांचा हिशेब

अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाच्या मार्गदर्शनपर पत्रकात एक कोष्टक आहे, ते प्रत्येक विद्यार्थ्याने वहीत उतरवून घ्यावे. वस्तू नजरेस पडायला ०.१ सेकंद, ते विमान आहे हे ओळखायला १ सेकंद, आपण टकरीच्या मार्गावर आहोत हे उमगायला ५ सेकंद, कुठे वळायचे हे ठरवायला ४ सेकंद, हातपाय हलायला ०.४ सेकंद आणि विमानाने प्रतिसाद द्यायला २ सेकंद. बेरीज १२.५ सेकंद.

आता हे आपल्या विमानांना लावून पाहू. १०० नॉट (ताशी सुमारे १८५ किलोमीटर) वेगाची दोन सेसना, म्हणजे प्रशिक्षणाची छोटी विमाने, समोरासमोर आली तर दोघींमधले अंतर दर सेकंदाला सुमारे १०३ मीटरने कमी होते, म्हणजे साडेबारा सेकंदांत जवळजवळ १,३०० मीटर. इंदूरच्या धावपट्टीची लांबी सुमारे २,७५० मीटर आहे; तिच्या निम्म्याहूनही हे अंतर कमी. इतक्या अंतरावरून सेसना १७२ चे ११ मीटरचे पंख पौर्णिमेच्या चंद्राएवढे रुंद दिसतात. परंतु समोरून पंख म्हणजे केवळ एक बारीक रेघ असते आणि डोळ्यांना जाणवतो तो मधला सांगाडा, जो त्या चंद्राच्या आठव्या-नवव्या हिश्शाएवढा असतो. काचेवर चिरडलेले चिलट याहून मोठे दिसते.

याचसाठी पहाटेच्या पहिल्या उड्डाणाआधी काच पुसणे ही मी सुरक्षेची पहिली पायरी मानतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर धावपट्टीच्या दिव्यांभोवती किडे फार असतात आणि संध्याकाळी उतरलेल्या विमानाच्या काचेवर त्यांचे ठिपके वाळून बसतात. भरपूर स्वच्छ पाणी ओतून आधी धूळ वाहू द्यावी, मग मऊ सुती कापडाने वरून खाली सरळ हात फिरवावा. गोल फिरवल्यास ॲक्रिलिकच्या काचेवर वर्तुळाकार चरे पडतात, आणि सूर्य समोर आला की त्या चऱ्यांचे जाळे पेटल्यासारखे चमकून मागचे सगळे आकाश झाकून टाकते. पेट्रोल किंवा कडक रसायन चुकूनही वापरू नये.

नजर कशी फिरवावी

आपल्या डोळ्याला बारीक वस्तू स्पष्ट दिसते ती केवळ मधल्या एक-दोन अंशांच्या भागात. त्याच्या कडेला हालचाल कळते, तपशील कळत नाही. शिवाय नजर सलग सरकवत नेली तर सरकण्याच्या काळात डोळा जवळजवळ काहीच टिपत नाही. म्हणून डावीकडून उजवीकडे मान फिरवून "पाहिलं, सर, काही नाही" असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याने खरे तर काहीही पाहिलेले नसते.

पद्धत अशी आहे. क्षितिजाचे साधारण दहा-दहा अंशांचे तुकडे मनात पाडावेत. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारे दहा अंश झाकते, त्यामुळे माप हाताशीच असते. प्रत्येक तुकड्यावर नजर नेऊन थांबवावी, निदान एक सेकंद, आणि मग पुढच्या तुकड्यावर जावे. नाकाच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना ६० अंश आणि क्षितिजाच्या वर-खाली १० अंश एवढा पट्टा आधी पाहावा, कारण सरळ उडत असताना टकरीचे विमान बहुधा याच पट्ट्यात असते. हे बारा तुकडे होतात. एकेका सेकंदाने पाहिले तरी बारा सेकंद गेले, आणि आपल्या हाती होते साडेबारा. या हिशेबातून एक गोष्ट स्वच्छ दिसते की केवळ डोळ्यांवर विसंबून कोणी सुरक्षित राहू शकत नाही. ऑस्ट्रेलियाच्या अपघात तपास संस्थेने १९९१ साली "पाहा आणि टाळा" या तत्त्वाच्या मर्यादांवर स्वतंत्र अहवाल काढला, त्याचाही रोख हाच होता. डोळे हवेतच, पण त्यांचे ओझे हलके करण्यासाठी रेडिओ, उंचीची शिस्त, दिवे आणि आपली जागा इतरांना आधीच कळेल असे उड्डाण, या सर्वांची जोड लागते.

दुसरी अडचण रिकाम्या आकाशाची. पाहायला काहीच नसेल तर डोळ्याचे स्नायू सैल पडतात आणि नजर आपोआप एखाद-दोन मीटरवर स्थिरावते. आपल्याला वाटते आपण दूर पाहतो आहोत, पण दूरचे विमान पुसट राहते. माळव्यातल्या डिसेंबर-जानेवारीच्या धुरकट सकाळी किंवा गव्हाची कापणी झाल्यावर नरवाई, म्हणजे शेतात उरलेले खुंट, जाळल्याचा धूर पसरलेला असताना हे हटकून होते. त्यावर उपाय सोपा आहे. आधी दूरची एखादी ठळक वस्तू पाहावी, पीथमपूरच्या कारखान्यांची छपरे म्हणा, यशवंत सागरचा काठ म्हणा, आणि तिथे नजर स्थिर झाली की मग आकाशाचा तुकडा तपासावा. दर थोड्या वेळाने हे पुन्हा करावे.

तिसरी अडचण खिडकीच्या चौकटीची. समोरची काच आणि दार यांच्यामधला खांब एक अख्खे विमान सहज लपवतो, आणि टकरीचे विमान त्या खांबाआडून बाहेर येतच नाही. याचे कारण पुढच्या परिच्छेदात आहे. म्हणून नजर फिरवताना मान आणि खांदेही हलवावेत, एकदा पुढे वाकून आणि एकदा मागे टेकून खांबाच्या दोन्ही बाजू मोकळ्या करून पाहाव्यात. विद्यार्थी खुर्चीत फार खाली बसला असेल तर नाकापुढचे आकाश त्याला दिसतच नाही. उशी घेण्यात कमीपणा नाही.

न हलणारा ठिपका

सगळ्या धड्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही आहे. जे विमान काचेवरून सरकताना दिसते, ते आपल्या पुढून किंवा मागून निघून जाणार असते. जे विमान काचेवर एकाच जागी टिकून राहते आणि हळूहळू मोठे होते, ते आपल्याला येऊन भिडणार असते. दोन विमाने सरळ रेषेत, कायम वेगाने, एकाच बिंदूकडे जात असतील तर एकमेकांना ती सतत एकाच दिशेला दिसतात. परंतु डोळा तर हालचालीने सावध होतो! म्हणजे ज्या विमानाने आपल्याला दचकवायला हवे, तेच नेमके काचेवरच्या डागासारखे गप्प बसलेले असते.

त्याचे मोठे होणेही फसवे आहे. अंतर निम्मे झाले की आकार दुप्पट होतो. म्हणून आदळण्याच्या दहा सेकंद आधीपासून पाच सेकंद आधीपर्यंत तो एकदाच दुप्पट होतो, पुढच्या अडीच सेकंदांत पुन्हा दुप्पट, त्यापुढच्या सव्वा सेकंदात पुन्हा. बराच वेळ तो ठिपकाच राहतो आणि मग एकाएकी काचभर होतो.

म्हणून विमान दिसताच डोके स्थिर धरून ते काचेवरच्या एखाद्या खुणेशी ताडून पाहावे. दोन-तीन सेकंदांत ते खुणेपासून सरकले नाही, तर आपला मार्ग किंवा उंची बदलावी आणि ते सरकू लागेपर्यंत बदलत राहावे. विद्यार्थ्याने ते बोलून दाखवावे, आणि कसे बोलावे हेही ठरलेले असावे:

"सर, दहा वाजता, आपल्याच उंचीवर, सरकत नाहीये."

"दिसलं. उजवीकडे वळ, त्याच्यावरची नजर काढू नकोस."

घड्याळाच्या भाषेत दिशा, मग उंची, मग हालचाल, एवढेच पुरते. "तिकडे एक विमान आहे" हे वाक्य केबिनमध्ये निरुपयोगी आहे, कारण बोलणाऱ्याचे बोट जिथे असते तिथे शेजारच्या खुर्चीवरून वेगळेच आकाश दिसते.

जमिनीवर करायची तयारी

ब्रीफिंगमध्ये त्या दिवशी कोण कुठे असणार हे फळ्यावर लिहिलेले असावे: किती विमाने सर्किटमध्ये, किती सरावाच्या क्षेत्रात, कोणाचे सोलो (एकट्याचे उड्डाण), कोणाचे क्रॉस कंट्री (लांब पल्ल्याचे उड्डाण) आणि परत येण्याची अंदाजे वेळ काय. एकाच शाळेची चार विमाने एकाच वेळी सुटून एकाच वेळी परतू लागली तर गर्दी आपणच तयार केलेली असते. सुटण्याच्या वेळांत थोडे अंतर ठेवल्याने ती बरीचशी टळते.

आपल्या विमानाच्या आंधळ्या जागा कोणत्या, हे उभे राहून दाखवावे. सेसना १५२ आणि १७२ चे पंख वर असतात, त्यामुळे खालचे चांगले दिसते, वरचे दिसत नाही, आणि वळताना ज्या बाजूला वळायचे तीच बाजू खाली झुकलेल्या पंखाआड जाते. डायमंड डीए-४० किंवा पायपरचे पंख खाली असतात, त्यांचे नेमके उलटे. खाली पंख असलेले विमान वरून उतरत असेल आणि त्याच्याखाली वर पंख असलेले विमान असेल, तर दोघेही एकमेकांच्या आंधळ्या जागेत असतात आणि दोघांचाही यात काही दोष नसतो. ज्या विमानतळावर दोन्ही प्रकारची विमाने एका सर्किटमध्ये उडतात, तिथे हा मुद्दा दर महिन्याला उगाळावा.

ट्रान्सपॉन्डर, म्हणजे आपली ओळख आणि उंची रडारला आणि इतर विमानांना कळवणारे यंत्र, धावपट्टीवर प्रवेश करण्याआधी उंची पाठवणाऱ्या स्थितीत, म्हणजे "ऑल्ट"वर, असल्याची खात्री करावी. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन ७६ एकमेकांवर आदळून ३४९ माणसे गेली. कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या पातळीखाली उतरले होते. त्यानंतर भारतात मोठ्या विमानांना टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा सक्तीची झाली. इंदूरसारख्या विमानतळावर, जिथे प्रवासी जेट आणि प्रशिक्षणाचे विमान एकच धावपट्टी वापरतात, त्या जेटची टीकॅस आपल्याला पाहते ती केवळ आपल्या ट्रान्सपॉन्डरमुळे. तो बंद असेल तर तिच्या लेखी आपण नाहीच. लँडिंग लाइट आणि स्ट्रोब दिवसाही चालू ठेवावेत, विशेषतः विमानतळाच्या जवळ.

चढताना आणि सरावाच्या क्षेत्रात

चढताना नाक वर असते आणि पुढचे आकाश इंजिनाआड जाते. दर ५०० फुटांनी नाक किंचित खाली करून पाहावे किंवा डावी-उजवीकडे हलकी वळणे घेत चढावे. कोणतेही वळण घेण्याआधी ज्या बाजूला वळायचे ती बाजू पाहावी. वर पंख असलेल्या विमानात तो पंख आधी क्षणभर उचलून त्यामागचे आकाश मोकळे करावे आणि मगच झुकवावा. "डावीकडे मोकळे" हे शब्द पाहिल्यावर उच्चारायचे असतात. वळता वळता उच्चारले तर ती नुसती सवय झाली.

स्टॉल (वेग कमी होऊन पंखांचा आधार तुटणे) किंवा तीव्र वळणाच्या सरावाआधी करायच्या हॅसेल (HASELL) तपासणीतला शेवटचा एल, म्हणजे लुकआउट, दोन ९० अंशांच्या किंवा एका १८० अंशांच्या वळणाने पूर्ण करावा आणि त्या वळणात आपल्या खालची बाजूही पाहावी, कारण स्टॉलनंतर आपण तिथेच जाणार असतो. वळण संपल्यावर पाच मिनिटे गप्पा झाल्या, तर ते वळण पुन्हा घ्यावे.

ओळखीच्या खुणांबद्दल एक सावधगिरी. धरणाची भिंत, रेल्वे फाटक, मोठा पूल यांच्या बरोबर डोक्यावर जाण्याचा मोह प्रत्येक विद्यार्थ्याला होतो, आणि त्याच क्षणी दुसऱ्या दिशेने येणाऱ्यालाही होतो. खूण डाव्या हाताला ठेवून उजवीकडून जावे. जीपीएसमुळे हा धोका वाढला आहे. पूर्वी वाऱ्याने आणि चुकांनी विमाने आपोआप पसरत, आता सगळे एकाच रेषेवर काही मीटरांच्या फरकाने उडतात. क्रॉस कंट्रीत रेषेच्या अर्धा ते एक नॉटिकल मैल उजवीकडे राहणे हा चांगला रिवाज आहे.

उंचीची शिस्त तशीच. दृश्य नियमांनी, म्हणजे बाहेर पाहून, उडताना चुंबकीय मार्ग ० ते १७९ अंश असेल तर विषम हजार अधिक ५००, म्हणजे ३,५०० किंवा ५,५०० फूट, आणि १८० ते ३५९ असेल तर सम हजार अधिक ५००, म्हणजे ४,५०० किंवा ६,५०० फूट. इंदूरची जमीनच समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० फूट उंच आहे हे इथे विसरून चालत नाही: १,००० फुटांचे सर्किट उंचीमापकावर साधारण २,८५० दाखवते, आणि ३,५०० फुटांवरचा वाटसरू त्याच्या अवघा साडेसहाशे फूट वर असतो. क्यूएनएच, म्हणजे उंचीमापकावर लावायचा त्या वेळचा हवेचा दाब, चुकीचा लावणारा विद्यार्थी ही फट आणखी अरुंद करतो. दाबात एका हेक्टोपास्कलची चूक सुमारे २७ ते ३० फुटांची असते.

हूड (बाहेरचे दिसू न देणारी झापड) घालून केवळ उपकरणांवर उडण्याच्या सरावाबद्दल मी कडक आहे. २५ सप्टेंबर १९७८ रोजी सॅन डिएगोवर असाच सराव चाललेल्या सेसना १७२ वर मागून आणि वरून उतरणारे बोइंग ७२७ आदळले आणि जमिनीवरच्या सात जणांसह १४४ माणसे गेली. सेसना नेमून दिलेल्या दिशेवरून वळली होती आणि जेटच्या वैमानिकांना ती आधी दिसली होती, मग दिसेनाशी झाली, पण हे टॉवरला स्पष्ट शब्दांत कळले नाही. यातून दोन नियम निघतात. विद्यार्थी हूडखाली असेल तेव्हा प्रशिक्षकाचे काम एकच, बाहेर पाहणे. त्या काळात त्याने वहीत काही लिहू नये, विद्यार्थ्याची चूक समजावण्यासाठी मान वळवून बसू नये, समजवायचे असेल तर हूड काढायला लावावा. आणि एकदा "दिसलं" असे कळवलेले विमान नजरेआड झाले, तर "आता दिसत नाही" हेही तितक्याच तत्परतेने कळवावे.

सर्किट आणि फायनल

नियंत्रित विमानतळावर शिकणाऱ्यांचा एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. टॉवर आहे म्हणजे आपल्याला वेगळे ठेवण्याचे काम त्यांचे, असे डी वर्गाच्या हवाई क्षेत्रात (नियंत्रित क्षेत्राचा एक प्रकार) नसते. तिथे दृश्य नियमांनी उडणाऱ्या दोन विमानांना नियंत्रक एकमेकांची माहिती देतो. अंतर राखण्याची जबाबदारी वैमानिकांचीच राहते. "नंबर टू, पुढचे विमान बेसवर", म्हणजे आपला क्रमांक दुसरा आणि पुढचे विमान फायनलआधीच्या आडव्या टप्प्यावर, असे ऐकल्यावर "रॉजर" म्हणून पुढे जाणे पुरेसे नाही. ते विमान दिसले का, एवढेच उत्तर द्यायचे असते, आणि दिसले नसेल तर तसे सांगून डाउनविंड (धावपट्टीला समांतर, उलट दिशेचा टप्पा) वाढवायचे असते, बेसकडे वळायचे नसते.

जिथे नियंत्रक नाही अशा धावपट्टीवर तर सगळा भार बोलण्यावर आणि पाहण्यावर येतो. आपण कोण, कुठे, किती उंचीवर आणि पुढे काय करणार, हे प्रत्येक टप्प्यावर सांगावे, धावपट्टीच्या क्रमांकासह. सर्किटमध्ये येताना चढत किंवा उतरत घुसू नये. उंची आधीच स्थिर करून डाउनविंडला मिळावे. लांबून थेट फायनलवर येणाऱ्याने तर दुप्पट जपावे, कारण सर्किटमधल्या कोणाचीही नजर तिकडे नसते. १८ ऑगस्ट २०२२ रोजी कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल येथे सर्किटमधल्या सेसना १५२ ला थेट फायनलवर फार वेगाने आलेल्या सेसना ३४० ने गाठले आणि दोन्ही विमानांतली तिघे माणसे गेली. दोघेही रेडिओवर बोलत होते. जुलै २०२५ मध्ये कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात उतरण्याचा सराव करणारी दोन प्रशिक्षण विमाने धावपट्टीजवळ आदळली. दोघे विद्यार्थी गेले आणि त्यातला एक आपल्या केरळचा होता.

माझ्यावर आलेला प्रसंग इथेच सांगतो. अशाच एका नियंत्रक नसलेल्या धावपट्टीवर, हिवाळ्यातल्या सकाळी अकराच्या सुमारास, मी एका विद्यार्थ्याबरोबर सेसना १५२ मध्ये फायनलवर होतो, साधारण ५०० फुटांवर. वेग कमी होत होता म्हणून माझे सगळे लक्ष त्याच्या हाताकडे आणि वेगाच्या काट्याकडे होते. त्याला काही दाखवायला मी डावीकडे वाकलो आणि खिडकीतून खाली हिरव्या गव्हावर आमची सावली पळताना दिसली. तिच्या मागे, जेमतेम एका विमानाच्या अंतरावर, दुसरी सावली होती. क्षणभर मला अर्थच लागला नाही. मग "आय हॅव कंट्रोल" म्हणून मी विमान उजवीकडे वळवले, आणि आमच्या पंखावरून, आम्ही नुकते जिथे होतो त्याच्या थोडे वर, खाली पंख असलेले एक विमान धावपट्टीकडे उतरत गेले. त्या वैमानिकाने आम्हाला शेवटपर्यंत पाहिले नव्हते. त्याने लांबून फायनलची घोषणा केली होती, पण ती दुसऱ्या एका विमानाच्या घोषणेवर चढल्याने दोन्हींचा मिळून नुसता खरखराट झाला होता. तो खरखराट मी ऐकला होता आणि "पुन्हा सांगा" म्हटले नव्हते. तेव्हापासून रेडिओवर दोघांचे बोलणे एकमेकांवर चढले की मी पुढचे वळण घेण्याआधी दोघांकडून ते पुन्हा म्हणवून घेतो.

बेसवरून फायनलला वळताना म्हणूनच दोन जागा पाहायच्या: लांबची फायनल, म्हणजे धावपट्टीच्याच रेषेतले पण तिच्यापासून दूरच्या बाजूचे आकाश, आणि समोरची बेस, कारण कोणी उलट्या दिशेचे सर्किट करत असू शकते. त्यासाठी वळणाआधी पंख क्षणभर समतल करावे. वळण चुकून रेषेपलीकडे गेले तर तीव्र झुकवून परत आणण्यापेक्षा गो-अराउंड करावा, म्हणजे न उतरता पुन्हा वर चढावे. समांतर धावपट्ट्यांच्या विमानतळावर ही चूक शेजारच्या फायनलवर नेते, जसे १२ मे २०२१ रोजी डेन्व्हरजवळ सिरस या छोट्या विमानाच्या बाबतीत झाले. तिथे सुदैवाने सगळे वाचले.

इंदूरच्या धावपट्टीची दिशा ०७-२५ आहे आणि तिचा सूर्याशी एक खास संबंध आहे, तो स्थानिक विद्यार्थ्यांनी जरूर लक्षात ठेवावा. डिसेंबर आणि जानेवारीत सूर्य साधारण २४५ ते २५० अंशांवर मावळतो, म्हणजे संध्याकाळी २५ वर उतरताना तो थेट नाकासमोर येतो. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो ६५ ते ७० अंशांवर उगवतो, म्हणजे पहाटे ०७ वर उतरणाऱ्याच्या डोळ्यांत. अशा वेळी पुढचे विमान दिसत नाही आणि मागच्यालाही आपण दिसत नाही. पुढच्याशी अंतर नेहमीपेक्षा वाढवावे आणि त्याने धावपट्टी सोडल्याचे रेडिओवर ऐकल्याशिवाय फायनल चालू ठेवू नये.

गो-अराउंड करताना खाली धावपट्टीवर विमान असेल तर थोडे उजवीकडे सरकून चढावे, म्हणजे डाव्या खुर्चीवरून ते दिसत राहते. ते उडून वर आले तर आपण त्याच्या बरोबर डोक्यावर नसतो.

वाट कोणी द्यायची

आंतरराष्ट्रीय नियम थोडक्यात असे. समोरासमोर आल्यास दोघांनी उजवीकडे वळावे. मार्ग एकमेकांना छेदत असतील तर ज्याच्या उजवीकडे दुसरे विमान आहे त्याने वाट द्यावी. मागून ओलांडणाऱ्याने उजवीकडून जावे, आणि पुढच्याचा हक्क पहिला. उतरणाऱ्यांत खालच्या विमानाला प्राधान्य, पण त्याने कोणाच्या पुढे घुसण्यासाठी खाली उतरू नये. ग्लायडर आणि फुगे यांना इंजिनाच्या विमानाने नेहमी वाट द्यावी. आपला हक्क असला तरी दुसऱ्याने आपल्याला पाहिले आहे असे गृहीत धरू नये.

अगदी जवळ आल्यावर नियम आठवत बसायला वेळ नसतो. तेव्हा वळण आणि उंची दोन्ही बदलावे, दुसरे विमान वर चढताना दिसले तर आपण खाली जावे, आणि शक्य तोवर ते नजरेआड होऊ देऊ नये. विमान कोणाच्या हातात आहे हे मात्र त्या क्षणीही स्पष्ट असले पाहिजे. प्रशिक्षकाने शब्द उच्चारूनच नियंत्रण घ्यावे आणि विद्यार्थ्याने दोन्ही हात काढून घ्यावेत. दोघांनी दोन दिशांना दांडा ओढला तर विमान सरळच जाते.

उतरल्यावर

दोन विमाने नको तितकी जवळ आली असतील तर तो एअरप्रॉक्स आहे आणि त्याचा अहवाल त्याच दिवशी टॉवरला आणि शाळेच्या सुरक्षा अधिकाऱ्याला द्यावा, जेणेकरून तो डीजीसीएपर्यंत, म्हणजे देशाच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयापर्यंत, जाईल. वेळ, उंची, दिशा, सूर्य कुठे होता आणि कोणते बोलणे ऐकू आले, हे विमानातून उतरताच लिहून ठेवावे. रात्री घरी जाऊन लिहायला बसले की आठवण आपल्या सोयीची होते. अहवाल देणाऱ्या विद्यार्थ्याला रागावू नये, नाहीतर पुढचा विद्यार्थी गप्प बसतो.

साध्या उड्डाणानंतरही डीब्रीफिंगमध्ये लँडिंगच्या आधी एक प्रश्न घ्यावा: आज कोणती विमाने दिसली आणि कोणाला आधी दिसली? माझ्या वहीत यासाठी तीन रकाने असतात, एक विद्यार्थ्याचा, एक माझा, आणि तिसरा अशा विमानांचा जी आम्हा दोघांनाही टॉवरने सांगितल्यावरच दिसली. पहिल्या दहा उड्डाणांत तिसरा रकाना सर्वांत लांब असतो. विद्यार्थ्याचा रकाना माझ्याहून लांब होऊ लागेपर्यंत मी त्याला सोलोसाठी पाठवत नाही.